नाव लायब्ररीवर, काम हायवेवर

पुण्यात शिकत असाल तर ‘जयकर’ हा शब्द तुमच्या कानावर रोज पडत असणार. विद्यापीठाच्या आवारात जयकर हे भेटण्याचं ठिकाण आहे, नोट्स काढण्याचं आहे आणि परीक्षा जवळ आली की जागेवरून भांडण्याचंही आहे. पण हे जयकर नक्की कोण, असं विचारलं तर बहुतेक जण विद्यापीठाचे पहिले कुलगुरू एवढं सांगतात आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालतात.

आता एक वेगळीच गोष्ट घ्या. तुम्ही गाडीत शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकता, तेव्हा त्या पैशातला एक तुकडा रस्त्यांसाठीचा उपकर म्हणून केंद्र सरकारकडे जातो. पेट्रोल जाळणाऱ्याने रस्त्याचा खर्च उचलायचा, ही या उपकरामागची कल्पना. ती आजची नाही आणि कुठल्या इंजिनिअरचीही नाही. जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका समितीने ती भारत सरकारपुढे मांडली. त्या समितीचे अध्यक्ष होते मुंबईचे एक बॅरिस्टर, मुकुंद रामराव जयकर. हो, तेच. लायब्ररीवाले.

सिव्हिलच्या मुलांना हे नाव पहिल्यांदा भेटतं ते हायवे इंजिनिअरिंगच्या पहिल्या प्रकरणात. जयकर समिती, १९२७, दोन मार्कांचा प्रश्न. इतिहासाच्या मुलांना ते सप्रू-जयकर अशा जोडनावात भेटतं. हे दोघं एकच गृहस्थ आहेत हे दोन्हीकडच्या मुलांना क्वचितच माहीत असतं. म्हणून आज त्यांची पूर्ण गोष्ट.

गिरण्यांच्या मुंबईतला बॅरिस्टर

जयकरांचा जन्म मुंबईतला, १३ नोव्हेंबर १८७३ चा. घर पाठारे प्रभूंचं, म्हणजे जुन्या मुंबईकरांचं. शिक्षणही मुंबईत. १९०२ मध्ये त्यांनी एलएलबी केलं, मग लंडनला जाऊन १९०५ मध्ये बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. मुंबई हायकोर्ट तेव्हा नुसतं कोर्ट नव्हतं, देशाच्या राजकारणाची ती एक प्रकारे तालीम होती. जिना तिथलेच, भुलाभाई देसाईही तिथलेच.

राजकारणात त्यांचं नाव मोठं झालं ते १९१९ नंतर. १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारने आपली चौकशी समिती नेमली, पण काँग्रेसने स्वतःचीही चौकशी करायचं ठरवलं. त्या चौकशीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासोबत जयकर होते. पंजाबात हिंडून साक्षी घेणं, त्या उलटसुलट तपासणं आणि पुराव्याला धरून अहवाल लिहिणं असं ते काम होतं. मार्च १९२० मध्ये अहवाल बाहेर आला. संतापाच्या दिवसांतही कागद पक्का असला पाहिजे, हा धडा पुढे आयुष्यभर जयकरांच्या कामात दिसतो.

त्यानंतर असहकाराची लाट आली आणि ओसरली. १९२३ मध्ये दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. कौन्सिलात शिरायचं आणि आतून सरकारची अडवणूक करायची हा त्यांचा कार्यक्रम. मुंबई कौन्सिलात या पक्षाचं नेतृत्व जयकरांकडे आलं. पण दोन वर्षांत त्यांचं आणि पक्षाचं बिनसलं. प्रत्येक गोष्ट अडवायचीच असेल तर निवडून येऊन उपयोग काय, असा त्यांचा सवाल होता. जिथे विरोध करायचा तिथे जोरात करा, पण हातात आलेल्या अधिकारातून लोकांचं काही काम होत असेल तर ते सोडू नका. टिळकांच्या शब्दात याला प्रतियोगी सहकारिता म्हणायचे. न. चिं. केळकर, डॉ. मुंजे आणि जयकर या वाटेने गेले. काँग्रेसमधल्या बऱ्याच जणांना ही माघार वाटली.

१९२६ मध्ये जयकर दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले आणि वर्षभरात त्यांच्यासमोर एक असा विषय आला की ज्यात ना घोषणा होत्या, ना मोर्चे, ना हारतुरे. विषय होता रस्ते.

खडी, मुरूम आणि मोटार

तेव्हाचे रस्ते कसे होते हे समजल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

इंग्रजांनी रस्ते बांधले नव्हते असं नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता झाला आणि मुंबई-पुणे थेट गाडीने जाता येऊ लागलं. उत्तरेत ग्रँड ट्रंक रोड सुधारला गेला. १८५५ मध्ये डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खातं आलं. पण त्याच सुमाराला, १८५३ मध्ये, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली होती. मग सगळा पैसा आणि सगळं लक्ष रुळांकडे गेलं. लांबचा प्रवास, सैन्य, कापूस, टपाल, सगळं रेल्वेने. रस्त्याचं काम उरलं ते गावापासून स्टेशनपर्यंत पोचवण्याचं.

त्यात १९१९ च्या सुधारणा कायद्याने रस्ते हा विषय प्रांतांकडे दिला. प्रांतांनी त्यातला मोठा भाग जिल्ह्याच्या लोकल बोर्डांकडे ढकलला. लोकल बोर्डांकडे पैसा कुठला? त्यांच्या गळ्यात शाळाही होत्या आणि दवाखानेही. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाणारा रस्ता असला तरी त्याचे तुकडे वेगवेगळ्या प्रांतांच्या आणि बोर्डांच्या हिशेबात पडलेले. एका हद्दीत रस्ता धड, दुसऱ्या हद्दीत नुसती धूळ, आणि मध्ये नदी लागली की पूल बांधायचा कुणी यावर वाद. दिल्लीत बसून अख्ख्या रस्त्याचा विचार करणारं कुणीच नव्हतं.

आणि नेमकी याच वेळी मोटार आली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी, लॉऱ्या आणि बसची संख्या भराभर वाढायला लागली. इथे एक तांत्रिक भानगड आहे, ती समजून घ्या. जुना रस्ता खडी आणि मुरमाचा. खडी पसरायची, वरून मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. खडी जागच्या जागी धरून ठेवायचं काम मुरूम करतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती अरुंद धाव वरच्या खडीचा चुरा करते, पण गाडी संथ चालते, म्हणून तो चुरा तिथेच राहून पुन्हा दाबला जातो. मोटारीचं रबरी चाक वेगाने जातं आणि खडीच्या सांध्यातला बारीक माल वर ओढून धुळीच्या रूपात उडवून देतं. मग खडी सुटी होते. मागून बैलगाडी आली की ती सुटी खडी फोडते. म्हणजे एक वाहन दळणार आणि दुसरं उधळणार. नुसत्या बैलगाड्यांवर किंवा नुसत्या मोटारींवर जो रस्ता तग धरेल, तो दोघांच्या तावडीत एकदम सापडला की एका पावसाळ्यात गार.

उपाय होता डांबर किंवा काँक्रीट. पण त्याला लागणारा पैसा लोकल बोर्डाच्या स्वप्नातही नव्हता.

जयकरांची समिती

१९२७ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, रस्त्यांचा प्रश्न ठरावाच्या रूपाने आला. त्यातून नोव्हेंबर १९२७ मध्ये समिती नेमली गेली. तिचं नाव इंडियन रोड डेव्हलपमेंट कमिटी आणि अध्यक्ष जयकर. त्याच महिन्यात सायमन कमिशनची घोषणा झाली होती आणि देशभर बहिष्काराची हवा तापत होती, हेही लक्षात ठेवा. अशा वेळी सरकारच्या समितीवर बसून मुरूम आणि पेट्रोलचा हिशेब करणं हे टाळ्या मिळवून देणारं काम अजिबात नव्हतं.

समिती म्हटलं की आपल्याला काय आठवतं? वेळकाढूपणा. कॉलेजात फेस्टचं बजेट अडकलं की समिती, कँटीनचे भाव वाढले की समिती. पण या समितीचं काम बघा. १९२८ मध्ये अहवाल तयार होता आणि १९२९ मध्ये त्यावर अंमल सुरू झाला होता.

समितीने इंजिनिअरिंगच्या आधी एक साधा वकिली प्रश्न सोडवला. रस्ता कुणाचा? उत्तर असं की रस्त्यांची वाढ ही आता प्रांत आणि स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेर गेलेली आहे. ती देशाच्या हिताची बाब झाली आहे. तेव्हा काही भार केंद्राने उचललाच पाहिजे. आज हे वाक्य आपल्याला इतकं उघड वाटतं की त्यात काय मोठं, असं वाटेल. पण तेव्हाच्या कायद्यानुसार रस्ता हा केंद्राचा विषयच नव्हता. समितीने कायदा बदला म्हटलं नाही. विषय प्रांतांकडेच राहू दे, पण पैसा गोळा करायचं आणि वाटायचं काम केंद्राने करावं, अशी मधली वाट काढली.

मग दुसरा प्रश्न, पैसा कुणाचा? समितीचं म्हणणं होतं की रस्ता जो जास्त वापरतो त्याने जास्त द्यावं. पण कोण किती वापरतो हे मोजायचं कसं? प्रत्येक वेशीवर नाका बसवला तर वसुलीचाच खर्च वाढतो आणि लोकांचा खोळंबा होतो तो वेगळा. पेट्रोल मात्र आपोआप मोजमाप करतं. जो जास्त फिरतो तो जास्त जाळतो. जड गाडी हलक्या गाडीपेक्षा जास्त पिते. आणि पेट्रोल देशात येतं किंवा तयार होतं ती ठिकाणं मोजकी, म्हणजे कर तिथेच गोळा होतो, पंपावर कारकून बसवावा लागत नाही. म्हणून पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा, अशी शिफारस आली.

हा ‘वेगळा’ शब्द महत्त्वाचा. सरकारची एरवीची कमाई एका मोठ्या हंड्यात जमा होते आणि जो मोठ्याने ओरडेल त्याच्या ताटात पडते. शिवाय ३१ मार्चपर्यंत पैसा खर्च झाला नाही तर तो परत जातो. रस्ता, त्यातही पूल, एका आर्थिक वर्षात बांधून होत नाही. म्हणून फंड स्वतंत्र हवा आणि वर्ष संपलं म्हणून बुडणारा नको.

तिसरा प्रश्न, रस्ता बांधायचा कसा हे ठरवणार कोण? प्रत्येक प्रांताचा इंजिनिअर आपापल्या परीने प्रयोग करत होता. एकाने केलेली चूक दुसरा नव्याने करत होता. समितीने सुचवलं की सगळ्यांनी एकत्र बसून अनुभव मांडावा अशी निमसरकारी तांत्रिक संस्था हवी आणि संशोधनासाठीही व्यवस्था हवी.

दोन आण्यांची करामत

१ मार्च १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर लागू झाला आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. तुमच्या हिशेबात सांगायचं तर सोळा आण्यांचा रुपया आणि साधारण साडेचार लिटरचा गॅलन. म्हणजे लिटरमागे तीन पैसेही नाहीत. काही वाटा केंद्राने राखून ठेवायचा, त्यातून संशोधन आणि खास कामं करायची. बाकीचा प्रांतांना द्यायचा, ज्याच्याकडे जेवढं पेट्रोल खपलं त्या प्रमाणात.

यात खोट नव्हती का? होती. पेट्रोल जिथे जास्त खपतं तिथे आधीच मोटारी असतात आणि मोटारी तिथेच असतात जिथे बरे रस्ते आणि पैसा असतो. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच जास्त. ज्या मुलखात रस्ताच नाही तिथे पेट्रोल खपणार कसं आणि निधी मिळणार कसा? त्यात रेल्वेलाही हे सगळं आवडणारं नव्हतं. रुळाला समांतर रस्त्यावर बस धावायला लागली की तिकिटं कमी होणार. १९३२-३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोघांकडून सरकारला रेल्वे आणि मोटार यांच्यातल्या स्पर्धेची खास चौकशी करून घ्यावी लागली. त्यात जागतिक मंदी. दोन आण्यांतून सगळ्या देशाचे रस्ते चकाचक होतील अशी परिस्थिती नव्हतीच.

पण पाया पडला होता आणि समितीने सुचवलेल्या गोष्टी एकेक करून उभ्या राहत गेल्या. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. नाव ऐकून पक्ष वाटेल, पण ही रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांची संस्था. आज आपल्याकडे रस्त्याची रुंदी, वळण, चढ, पुलाची ताकद, सूचनाफलक, सगळं हिच्याच नियमपुस्तिकांनुसार ठरतं. १९३९ मध्ये मोटार वाहन कायदा आला. संशोधनाची गोष्ट सगळ्यात उशिरा, पण तीही झाली. १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं उद्घाटन झालं.

आणि मग आपलं नागपूर. डिसेंबर १९४३ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, सगळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. देशाची पहिली वीस वर्षांची रस्तेयोजना त्यांनी तिथे आखली. ध्येय असं की शंभर चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ता असावा आणि शेती विकसित झालेल्या भागातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावं. एकूण लांबी ३ लाख ३१ हजार मैल, खर्चाचा अंदाज ४४८ कोटी रुपये. याच बैठकीत रस्त्यांच्या जाती ठरल्या. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. ही नावं तुम्ही आजही बोर्डावर वाचता. योजना पुढे मुदतीच्या आतच लांबीच्या लक्ष्यापलीकडे गेली, पण पूल आणि दर्जा मागे राहिले.

जयकर नागपूरच्या त्या यादीत नाहीत. पण केंद्राने पूर्ण रस्त्याचा विचार करायचा, त्यासाठी वेगळा पैसा ठेवायचा आणि इंजिनिअरांनी एकत्र बसून आखणी करायची, ही बैठकीमागची तिन्ही गृहीतकं पंधरा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या अहवालातली होती.

दोन तुरुंगांमधला माणूस

आता तुम्ही म्हणाल, मग जयकर पुढे रस्त्यांचे मंत्री वगैरे झाले असतील. छे. अहवाल देऊन ते पुन्हा आपल्या मूळ उद्योगाला लागले. त्यांचा मूळ उद्योग म्हणजे भांडणाऱ्यांच्या मध्ये उभं राहणं. हे काम त्यांना नेहमीच जमलं असंही नाही.

रस्त्यांचा अहवाल आला त्याच १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याला सर्वपक्षीय परिषद झाली. नेहरू अहवालात मुस्लिमांच्या प्रतिनिधित्वाबद्दल काही दुरुस्त्या कराव्यात अशी जिनांची मागणी होती. जयकरांनी तिला कडाडून विरोध केला आणि दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. हिंदू-मुस्लिम राजकारणाच्या वाटा वेगळ्या होण्यातला हा एक मोठा टप्पा होता असं अनेक इतिहासकार मानतात. म्हणजे तडजोडीचे पुरस्कर्ते जयकर इथे मात्र तडजोडीच्या विरुद्ध बाजूला होते. माणूस समजून घ्यायचा तर हेही पान वाचायला हवं.

दीड वर्षाने चित्र उलटं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात, मोतीलाल आणि जवाहरलाल अलाहाबादजवळ नैनीच्या तुरुंगात, आणि सरकार शिमल्याला. या तिघांमध्ये निरोप घेऊन हिंडणारे दोन वकील म्हणजे सर तेजबहादूर सप्रू आणि जयकर. जुलै-ऑगस्ट १९३० मध्ये त्यांनी या तुरुंगातून त्या तुरुंगात फेऱ्या घातल्या. शेवटी नेहरू पितापुत्रांना नैनीहून येरवड्याला आणून सगळ्यांची समोरासमोर बैठकही झाली. हाती काही लागलं नाही. तरी दोघांनी दार बंद होऊ दिलं नाही. ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला, तेव्हा त्यामागच्या धावपळीत सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री होते.

गोलमेज परिषदांना ते लंडनला गेले. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींचं येरवड्यात उपोषण सुरू झालं आणि गांधी-आंबेडकर यांच्यात तोडगा काढायची वेळ आली, तेव्हा पुणे करारावरच्या सह्यांमध्ये जयकरांची सही होती.

१९३७ मध्ये फेडरल कोर्ट सुरू झालं. आजच्या सुप्रीम कोर्टाचा हा पूर्वज. सुरुवातीला न्यायाधीश फक्त तीन, त्यातले एक जयकर. १९३९ मध्ये ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. वकिलाच्या आयुष्यात याहून वरची पायरी तेव्हा नव्हती.

मग १९४६. घटना समितीत जयकर मुंबईतून निवडून आले. डिसेंबरात नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. जयकर उठले आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली. मुस्लिम लीग आणि संस्थानं अजून सभागृहात आलेली नाहीत, ती येईपर्यंत हा ठराव पुढे ढकलावा, असं त्यांचं म्हणणं. अठरा वर्षांपूर्वी जिनांच्या मागण्या धुडकावणारा माणूस आता लीगसाठी थांबा म्हणत होता. सभागृहाला ते पटलं नाही. डॉ. आंबेडकरांनी मात्र त्यांच्या बाजूने भाषण केलं. जानेवारी १९४७ मध्ये ठराव जसाच्या तसा मंजूर झाला. पुढे जयकरांनी घटना समितीचा राजीनामा दिला.

आता इथे इतिहासाची एक कमाल बघा. फाळणीमुळे आंबेडकरांची बंगालमधून मिळालेली जागा गेली होती. त्यांना परत आणायचं तर जागा हवी होती. जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून निवडून आले, आणि रिकामी झालेली ती जागा होती जयकरांची. पुढे मसुदा समिती, राज्यघटना, हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

गणेशखिंडीत आठ वर्षं

वयाच्या पंचाहत्तरीत माणसं आठवणी लिहितात. जयकरांनी विद्यापीठ काढलं. १० फेब्रुवारी १९४८ ला पुणे विद्यापीठ कायद्याने अस्तित्वात आलं आणि पहिले कुलगुरू म्हणून जयकर आले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने गणेशखिंडीतली गव्हर्नरची पावसाळ्यातली कोठी आणि चारशेहून अधिक एकर जागा विद्यापीठाला दिली. आज आपण जिला मुख्य इमारत म्हणतो, फोटो काढतो, ती हीच. १९५६ पर्यंत, म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत, जयकर कुलगुरू होते. ग्रंथालयाला त्यांचं नाव मिळालं ते या कामामुळे.

१९५६ मध्येच संसदेने राष्ट्रीय महामार्ग कायदा केला. १९४७ च्या एप्रिलपासूनच केंद्राने राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी घेतली होती, आता त्याला कायद्याचं बळ मिळालं. रस्ता कुणाचा, या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायला देशाला जवळपास तीस वर्षं लागली.

१० मार्च १९५९ ला जयकर गेले. त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याचे दोन खंड निघाले. पण ते १९२५ पर्यंत येऊन थांबतात. म्हणजे रस्ते समितीची हकिगत त्यांच्या स्वतःच्या पुस्तकातही नाही. ज्या कामाचा उपयोग आज देशातल्या प्रत्येकाला होतो, ते काम सांगायची पाळीच आली नाही.

दगडाचा रंग बघा

स्वातंत्र्याच्या वेळी देशात राष्ट्रीय महामार्ग होते साधारण एकवीस हजार किलोमीटर. आज ते १ लाख ४६ हजार किलोमीटरच्या पुढे आहेत. एकूण रस्त्यांच्या तुलनेत हे जेमतेम दोन टक्के, पण वाहतुकीचा सुमारे चाळीस टक्के भार यांच्यावर. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई जोडणारा सुवर्ण चतुष्कोन ५,८४६ किलोमीटरचा. आपल्याकडे २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेस वे पूर्ण झाला, आणि आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी.

आणि तो फंड? तोही आहे. २००० मध्ये त्याला नवा कायदा मिळाला, पेट्रोलबरोबर डिझेलवरही उपकर आला आणि त्यातला वाटा खेड्यांच्या रस्त्यांसाठी ठेवला गेला. त्याच वर्षी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. ज्या गावात पेट्रोल खपत नाही तिथे रस्ता कसा जाणार, ही १९२९ ची जुनी खोट इथे थोडीफार दुरुस्त झाली. २०१८ मध्ये फंडाच्या नावात पायाभूत सुविधा हे शब्द जोडले गेले, म्हणजे रस्त्यांच्या पैशाला आता आणखीही वाटेकरी आहेत. हे बरं की वाईट, यावर तुमच्या वर्गात एक चांगला वाद होऊ शकतो. पण वादाला बसण्यापूर्वी पैसा वेगळा का ठेवला होता, हे आठवा.

जयकरांच्या गोष्टीतून आपण घ्यायचं काय? त्यांची मोठमोठी राजकीय मध्यस्थी कधी जमली, कधी फसली. त्या काळात ज्यांच्यावर टाळ्या पडत होत्या त्यांच्या यादीत ते बहुतेक वेळा नव्हते. पण रस्ता कुणाचा, पैसा कुणाचा आणि जबाबदार कोण, या तीन कंटाळवाण्या प्रश्नांना त्यांच्या समितीने दिलेली उत्तरं टिकली. खड्डा पडला की आपण स्टोरी टाकतो, मीम टाकतो, शिव्याही घालतो. मात्र हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

ते शोधणं अवघड नाही. पुढच्या वेळी गावी जाताना रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, विचारायचं महामार्ग प्राधिकरणाला किंवा बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाला. हिरवा असेल तर राज्य मार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. केशरी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता, म्हणजे तुमच्या-माझ्या पेट्रोलचे पैसे थेट त्यात आहेत. शहरातल्या आतल्या रस्त्यासाठी महापालिका आहेच. दगडाचा फोटो काढा, किलोमीटरचा आकडा टिपून घ्या आणि तक्रार त्या नेमक्या दारात लेखी द्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज तुमच्या हातात आहे. वकिली न शिकताही एवढी वकिली कुणालाही जमते.